मदत हवी आहे: आयओ संपले तरी पाथ सिलेक्टरचा काउंटर शून्यावर येत नाही

पानकोरा
आजच रिव्ह्यू द्यायचा आहे, म्हणून थेट विचारतो. डीएम-मल्टिपाथसाठी (लिनक्स कर्नलचा भाग; एकाच डिस्ककडे जाणारे अनेक मार्ग, म्हणजे पाथ, तो सांभाळतो) नव्या पाथ सिलेक्टरचा (प्रत्येक आयओ, म्हणजे वाचन-लेखन, कोणत्या पाथने जायचं ते ठरवणारा) पॅच आलाय. साचा क्यू-लेंथ या आधीपासूनच्या सिलेक्टरचाच: आयओ निघाला की त्या पाथचा काउंटर एकने वाढतो, पूर्ण झाला की घटतो, सगळ्यांत कमी आकड्याचा पाथ निवडायचा. लोड टेस्ट थांबवली, सगळं शांत झालं, तरी एका पाथचा आकडा वरच अडकतो. पुढच्या टेस्टला त्या पाथकडे जवळपास काहीच जात नाही. सिलेक्टरची फाइल ओळ न् ओळ वाचली. स्पिनलॉक (एका वेळी एकाच सीपीयूला आत सोडणारं कुलूप) जागेवर, काउंटर ॲटॉमिक (अनेकांनी एकदम बदलला तरी चुकत नाही). गडबड कुठे आहे?

बिटवेचक
कर्नल कोणता? क्यू मोड (आयओ कोणत्या रूपात पुढे जातो) बायो की रिक्वेस्ट? डीएमसेटअप कमांडचं टेबल (पाथची मांडणी) आणि स्टेटस (सध्याची स्थिती) दोन्ही टाका. एवढ्यावरून काय सांगणार?

जुना_ॲडमिन
राउंड-रॉबिन लावा आणि मोकळे व्हा. पाळीपाळीने पाथ द्यायचा, मोजायचंच नाही. मी सगळीकडे तेच लावतो, कधी अडलं नाही.

बिटवेचक
@जुना_ॲडमिन, सगळे पाथ सारखे असतील तोवर ठीक. एक पाथ गर्दीच्या स्विचमधून जात असेल तर त्यालाही तेवढाच वाटा मिळतो आणि रांग तिथे तुंबते. मल्टिपाथ-टूल्सचा (मल्टिपाथ चालवायची साधनं) डिफॉल्ट सिलेक्टर सर्व्हिस-टाइम आहे तो याचसाठी. आणि धागा पॅच तपासण्याचा आहे, सेटिंग निवडण्याचा नाही.

सावली
मला रेस (दोन सीपीयूंची एकाच वेळी होणारी गडबड) वाटते. पाथ निवडताना लॉक असतो, पण काउंटर वाढतो स्टार्ट_आयओमध्ये (आयओ निघताना चालणारं सिलेक्टरचं फंक्शन), लॉक सुटल्यानंतर. मधल्या वेळेत दोन सीपीयू एकच पाथ उचलतात. निवड आणि वाढ एकाच लॉकखाली आणा.

बिटवेचक
त्याने निवड जराशी शिळ्या आकड्यावर होईल, एवढंच. प्रत्येक वाढीला एक घट मिळत असेल तर शेवटी शून्यच उरणार. सतत चालणाऱ्या कोडमधला (हॉट पाथ) लॉक असा लांबवू नका.

धागेदोरे
डिस्क एनव्हीएमई असेल तर डीएमच्या भानगडीत पडूच नका, नेटिव्ह मल्टिपाथ (एनव्हीएमईचा स्वतःचा) घ्या. आयओ पॉलिसी न्युमा (सीपीयूजवळचा पाथ) किंवा राउंड-रॉबिन, आणि कर्नल ६.११ पासून क्यू-डेप्थसुद्धा (कमी रांगेचा पाथ) आहे.

पानकोरा
डिस्क एससीएसआय आहेत, एनव्हीएमई नाहीत. कर्नल ४.१९ वर बेतलेला आमचा स्वतःचा, स्टेबल शाखेतले नंतरचे पॅच निवडकच घेतलेले. टेबलात क्यू मोड दिलेला नाही, म्हणजे रिक्वेस्टच. पण प्रश्न सिलेक्टरचा आहे, याचा काय संबंध?

उत्तरा
संबंध तिथेच आहे. सिलेक्टरची फाइल मिटा आणि डीएम-आरक्यूमधलं (डीएमचा रिक्वेस्ट सांभाळणारा भाग) मॅप_रिक्वेस्ट फंक्शन उघडा. क्लोन (पाथकडे पाठवायची रिक्वेस्टची प्रत) तयार होतानाच मल्टिपाथ स्टार्ट_आयओ बोलावतं. मग तो क्लोन खालच्या डिव्हाइसकडे पाठवला आणि तिकडून ‘रिसोर्स नाही’ असं उत्तर आलं, तर क्लोन सोडून रिक्वेस्ट परत रांगेत जाते. पुढच्या वेळी पुन्हा स्टार्ट_आयओ. काउंटर घटवणारं एंड_आयओ मात्र फक्त आयओ पूर्ण झाल्यावर. म्हणजे पाथ जितक्या वेळा बिझी, तितकी जास्तीची वाढ. ४.१६ मध्ये या परतीच्या वाटेची वर्दळ वाढली. मेनलाइनमध्ये (मूळ लिनक्स कर्नलमध्ये) २०१९ साली दुरुस्ती झाली: क्लोन सोडतानाच एंड_आयओ बोलावायचं. तुमच्या कोडमध्ये ती आहे का बघा.

पानकोरा
नाही. इथे क्लोन सोडणाऱ्या फंक्शनला फक्त क्लोन मिळतो, मॅप कॉन्टेक्स्ट (कोणता पाथ निवडला त्याची नोंद) नाही. मेनलाइनमध्ये एंड_आयओला चार आर्ग्युमेंट दिसतात, आमच्याकडे तीन.

उत्तरा
चौथं म्हणजे आयओ सुरू झाल्याची वेळ. ती हिस्टॉरिकल-सर्व्हिस-टाइम या सिलेक्टरसाठी कर्नल ५.८ मध्ये आली, तुम्हाला नको. कॉन्टेक्स्ट मात्र नीट आणा: मॅप करताना फसलं तर खरा कॉन्टेक्स्ट द्यायचा, आयओ पूर्ण होऊन क्लोन सुटत असेल तर नल (रिकामा). दोन्हीकडे खरा दिलात तर घट दोनदा होईल, आकडा शून्याखाली जाईल, आणि तोच पाथ सगळ्यांत मोकळा समजून सगळं त्याच्यावर लोटलं जाईल. ते आजच्यापेक्षा वाईट.

सावली
मग माझा लॉकचा मुद्दा?

उत्तरा
लॉक या गळतीला हातही लावत नाही. पानकोरा, खात्री हवी असेल तर एका पाथची क्यू डेप्थ (एकावेळी किती रिक्वेस्ट घेता येतात) सिसएफएसमधून (कर्नलची सेटिंग बदलायच्या फाइल्स) १ करा, ड्रायव्हर बदलू देत असेल तर, आणि समांतर लोड टाका.

पानकोरा
केलं. आकडा लगेच चढायला लागला आणि लोड थांबवल्यावर तिथेच राहिला. साधा क्यू-लेंथ लावूनही तसंच. म्हणजे पॅच लिहिणाऱ्याचा दोष नाही. रिव्ह्यूत लिहितो: आधी डीएमची दुरुस्ती घ्या, मग हा सिलेक्टर.

जुना_ॲडमिन
सर्व्हिस-टाइमवरही हे होतं का? तो तर संख्या मोजत नाही.

बिटवेचक
होतं. तो वाटेतले बाइट मोजतो, त्यामुळे मोठी रिक्वेस्ट परत फिरली की एका फटक्यात जास्त साठतं. जिथे तो लावलाय तिथे लोड नसताना डीएमसेटअप स्टेटस बघा. पाथच्या नावापुढे ए (चालू) किंवा एफ (निकामी), फेल काउंट, आणि त्यानंतरचा पहिला आकडा म्हणजे हेच वाटेतले बाइट.