मदत हवी आहे: कॉफीची बी बाहेरून करपते, आतून कच्ची राहते

नमस्कार मंडळी, मी बडोद्याचा. चिकमगळूरची अरेबिका, 'प्लँटेशन ए' ग्रेडची हिरवी बी आणून घरीच भाजतो. जाड लोखंडी कढई, एका वेळी दीडशे ग्रॅम, लाकडी उलथन्याने सतत हलवणं. आईला दमा आहे, धूर घरात चालत नाही. म्हणून गच्चीवर, छोट्या सिलिंडरच्या शेगडीवर.

पहिला तडतडाट (बी तापून फुटते तेव्हाचा आवाज) यायच्या आतच बियांच्या टोकांवर काळे ठिपके पडतात. फोडून पाहिली तर गाभा फिकट, पिवळसर. कॉफीला आधी कच्च्या शेंगदाण्याची चव, मागाहून जळकट कडूपणा.

आच मंद केली, तर तडतड फार उशिरा आणि कॉफी अगदी मिळमिळीत. घाणा शंभर ग्रॅमवर आणला, ठिपके कमी झाले, गाभा तसाच. वाऱ्याला आडोसा केलाय. भाजल्यावर लगेच चाळणीत पंख्याखाली गार करतो आणि दोन दिवसांनीच दळतो, तेव्हा गडबड भाजण्यातच असावी.

मशीन सध्या घ्यायचं नाही, कढईतच जमवायचंय. पहिली तडतड बी साधारण १९६ अंशांवर गेल्यावर होते, हे माहीत आहे. पण माझा इन्फ्रारेड थर्मामीटर कढईचंच तापमान दाखवतो. तर कढई किती अंशांवर असताना बी घालावी, आणि आच सुरुवातीला मोठी ठेवून नंतर उतरवावी की उलट?