‘फक्त सूचना’ ग्रुपवर कांदा

शनिवार, ४ मे २०२४

८:५२ सेक्रेटरी (ए-१०१): नमस्कार. सोलापूर महापालिकेचं पाणी आज येणार होतं, ते आता उद्या. आज सहावा दिवस. टँकर सांगितलाय, चारपर्यंत येईल. कूलरला पिण्याचं पाणी घालू नये. मंगळवारी ७ तारखेला मतदान आहे, ज्यांना स्लिप मिळाली नाही त्यांनी फ्लॅट नंबर टाकावा.

८:५५ काकू (सी-२०२): लिफ्टचं काय झालं?

९:०३ अडतवाले मालक (बी-२०४): कांद्याची निर्यातबंदी उठली!! ८ डिसेंबरपासून होती.

९:०६ ए-४०१ (पुण्याला असतो): अभिनंदन मालक. पाच महिने आमचं डोकं खाल्लंत. आता तरी खूश? ऐकलं की नाही मोदींनी?

९:११ अडतवाले मालक: पूर्ण वाच की बे. बंदी उठली, पण टनाला किमान ५५० डॉलर दर आणि त्यावर ४० टक्के शुल्क. डॉलर ८३ ला धर. किलोला ४५ रुपये ६५ पैसे झाले, त्यावर सव्वाअठरा रुपये शुल्क. म्हणजे बोटीत चढायच्या आधीच ६४ रुपये. बोटीचं भाडं वेगळं, वाटेत सडलेला वेगळा. दार उघडलंय, उंबरा मात्र कमरेएवढा ठेवलाय.

९:१२ ए-४०१: दार बंद होतं त्यापेक्षा बरं ना?

९:१६ अडतवाले मालक: बरं आहे, नाही कुठं म्हणलालोय? पण तारखा बघ. आपलं आणि माढ्याचं मतदान ७ ला. नगर, शिरूर १३ ला. नाशिक, दिंडोरी २० ला. मला विचारशील तर हे पत्रक सोलापूरसाठी नाहीच, नाशिकसाठी आहे. गेल्या आठवड्यात गुजरातच्या २००० टन पांढऱ्या कांद्याला परवानगी दिली, त्यावर इकडं बोंब झाली. लगेच सहा देशांसाठी मिळून ९९,१५० टनांचा आकडा जाहीर केला. आणि आता हे.

९:१८ काकू: म्हणजे कांदा महागणार का? मला वर्षाचा भरायचाय अजून.

९:१९ सेक्रेटरी: हा ग्रुप फक्त सूचनांसाठी आहे. राजकीय पोस्ट टाळाव्यात.

९:२० काकू: मी कुठं राजकीय विचारलं?

९:२७ सर (ए-३०२): खरं तर काकूंचाच प्रश्न सगळ्यात राजकीय आहे. १९९८ ला दिल्लीतलं भाजपचं सरकार गेलं, त्यात कांद्याच्या भावाचा मोठा वाटा होता. तेव्हापासून दिल्लीत कोणीही बसो, धास्ती एकच, भाव चढायला नको. यूपीए सरकारनं डिसेंबर २०१० ला निर्यातबंदी घातली, सप्टेंबर २०११ ला पुन्हा घातली. तेव्हा कृषिमंत्री आपले पवारसाहेब होते, आणि २००९ ला ते आपल्या माढ्यातूनच निवडून गेले होते. त्यामुळे ‘यांनी शेतकरी मारला, त्यांनी तारला’ हे जरा जपून बोलावं.

९:३१ ए-४०१: ऐका! आता कांद्याच्या माळा घालून प्रचार करणाऱ्यांना हे सांगा सर. आणि मालक, राग मानू नका, फेब्रुवारी २०२३ विसरलात का? बार्शी तालुक्यातला शेतकरी ५१२ किलो कांदा घेऊन आपल्याच यार्डात आला आणि हातात २ रुपयांचा चेक घेऊन गेला. तेव्हा कुठं होती निर्यातबंदी?

९:४० काकू: मालक मघापासून ‘टायपिंग’च दाखवतंय 😄

९:४४ अडतवाले मालक: विसरलो नाही. तो चेक माझ्या अडतीवरचा नव्हता, तरी महिनाभर पाहुण्यारावळ्यांत मान खाली घालून बसलोय. तू बोललास ते बरोबर आहे, तेव्हा बंदी नव्हती. म्हणूनच सांगतो, आज जे दोन्हीकडचे भोंगे बोंबलताहेत त्यात अर्धंच खरं आहे.

तो लाल कांदा होता. लाल कांदा टिकत नाही, काढला की आणावाच लागतो. सगळ्यांचा एकदमच निघतो. पहाटे पाचला यार्डाच्या गेटपासून टेम्पोची रांग लागते, पिशव्यांवर पिशव्या, आत पाय ठेवायला जागा नसते. ओल्या मालाला भाव निघाला किलोला एक रुपया. ५१२ किलोचे ५१२ रुपये. हमाली, तोलाई, मोटारभाडं मिळून ५०९ आणि वर काही पैसे कापले गेले. चेकवर आले दोन. तो बिचारा मालासोबत न येता घरीच राहिला असता तर निदान वडापावचे पैसे वाचले असते.

मग सरकारनं अनुदान काढलं. क्विंटलला ३५० रुपये, २०० क्विंटलपर्यंत. चांगलं केलं. पण सातबाऱ्यावर कांद्याचा पेरा लागलेला पाहिजे. आपल्याकडं कित्येकांनी उसात नाहीतर डाळिंबाच्या बांधाला कांदा लावलेला, तलाठ्याकडं नोंदच नाही. ते लोक माझ्याकडं पट्टी (विक्रीची पावती) घेऊन यायचे, ‘मालक, ही पट्टी आहे ना, मग कांदा आम्ही विकला नाही का?’ मी काय सांगू?

भाव चढला की रात्रीत पत्रक निघतं. पडला की समिती, अर्ज, सातबारा, आधार, आणि वर्षभर थांबा. माझं भांडण ह्याच्याशी आहे. पक्ष कुठला का असेना.

९:४७ सर: मालक, हे लिहिलंत ते एखाद्या उमेदवाराच्या तोंडून ऐकायला आवडलं असतं.

९:५० ए-४०१: पण तरी. ही देशाची निवडणूक आहे. सीमा, अर्थव्यवस्था, स्थिर सरकार हे बघायचं सोडून कांद्यावर मत द्यायचं का? आणि भाजपच्या संकल्पपत्रात कांदा, टोमॅटो, बटाट्याच्या क्लस्टरचं आहे. साठवणुकीचंही आहे.

९:५३ अडतवाले मालक: आहे. ह्याच तीन पिकांसाठी २०१८ च्या बजेटमध्ये ‘ऑपरेशन ग्रीन्स’ म्हणून ५०० कोटी सांगितले होते. सहा वर्षांनी परत तेच तीन. काँग्रेसचा जाहीरनामा, ते न्यायपत्र, म्हणतं हमीभावाचा कायदा करू. कर की बाबा, पण हमीभावाच्या यादीत २३ पिकं आहेत आणि त्यात कांदाच नाही. सभेत टाळ्या वाजवणाऱ्या कांदेवाल्याला हे कोण सांगणार?

९:५५ काकू: पण मालक, गेल्या वर्षी मी ऐंशी रुपयांनी घेतलाय कांदा दिवाळीत. बंदी घातली तेव्हा मला तर बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू.

९:५६ अडतवाले मालक: काकू, तुम्ही एकट्याच खरं बोलता ह्या ग्रुपवर.

१०:०८ बी-१०२ (बँकेतून निवृत्त): मला एक विचारायचंय सरांना. परवा जिन्यात तुम्ही म्हणालात, २०१९ ला वंचितनं (आंबेडकरांच्या वंचित बहुजन आघाडीनं) मतं फोडली म्हणून काँग्रेसचे सुशीलकुमार शिंदे पडले. तेव्हा मी काही बोललो नाही. आज बोलतो. फोडली म्हणजे काय? ती मतं कोणाच्या कपाटात ठेवलेली होती का?

१०:१२ सर: शब्द चुकला. पण आकडा बोलतो तो असा. २०१९ ला शिंदे पडले १,५८,६०८ मतांनी. प्रकाश आंबेडकरांना मिळाली १,७०,००७. फरकापेक्षा जास्त.

१०:२१ बी-१०२: आता त्याच्या आधीचा आकडा बघा. २०१४ ला वंचित नव्हतीच. तेव्हा शिंदेंना पडली ३,६८,२०५. २०१९ ला पडली ३,६६,३७७. दोन हजारांचा फरक नाही! आणि २०१४ ला ते हरले १,४९,६७४ नं. आमच्याशिवायही दीड लाखानं हरले आणि आमच्यासकटही दीड लाखानं. मग आम्ही त्यांचं नेलं काय? ही बेरीज-वजाबाकी बँकेत केली असती तर साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं असतं.

१०:२४ सर: हं. हे मी असं शेजारी शेजारी ठेवून पाहिलं नव्हतं. भाजपचाही आकडा फारसा हलला नाही, ५,१७,८७९ वरून ५,२४,९८५. म्हणजे आंबेडकरांकडे गेलेला मोठा गठ्ठा दोघांच्याही जुन्या गठ्ठ्याबाहेरून आला असं दिसतं. अर्थात त्यातली काही मतं जुन्या लोकांची आणि त्यांच्या जागी नवे आले असंही असू शकतं. पण ‘फोडली’ हा शब्द मी मागे घेतो.

१०:२९ बी-१०२: आभारी आहे. आता दुसरं दुखणं. यंदा वंचितनं उमेदवार दिला, पोरांनी उन्हात पत्रकं वाटली, आणि अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी, २२ एप्रिलला, उमेदवारानंच माघार घेतली. संविधान वाचवायला, म्हणाले. भाजपची ‘चारशे पार’ची घोषणा ऐकून आमच्या वस्तीत जी भीती आहे ती खरी आहे, ती मला कोणी समजावून सांगू नये. पण ज्या पोरांनी पत्रकं वाटली त्यांना निदान आदल्या रात्री तरी सांगायचं. मोठ्या पक्षांनी आम्हाला गृहीत धरलं म्हणून वेगळी चूल मांडली, आता चुलीवाल्यांनीही गृहीत धरलं.

१०:३१ ए-४०१: काका, चारशे पार म्हणजे घटना बदलणार हा निव्वळ अपप्रचार आहे. स्वतः पंतप्रधानांनी सांगितलंय तसं होणार नाही.

१०:३३ बी-१०२: सांगावं लागलं, हेच पुरे आहे बाळा.

१०:४० टॉवेलवाले अण्णा (बी-३०१): मी कारखान्यात आहे, आत्ता बघितलं. दोन्हीकडनं एक एक सांगतो. भाजपनं तीन निवडणुकांत तीन उमेदवार दिले. २०१४ ला बनसोडे, २०१९ ला महास्वामी, आता सातपुते. दर वेळी जुन्याचा हिशोब कोण देणार विचारलं की नवा माणूस उभा. चांगली युक्ती आहे, गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की दुकानाची पाटी बदलायची. 😀 आणि काँग्रेसवाले माळशिरसच्या सातपुतेंना ‘उपरा उपरा’ करलालेत. माळशिरस काय परदेशात आहे काय? आमचे आजोबा तेलंगणातून आले, मग आम्ही कोण? पूर्व भागात मत मागायला येताना हा शब्द वापरू नये त्यांनी.

१०:४२ अण्णा: आणि विमानाचं विचारा कोणीतरी. मागच्या जूनमध्ये विमानाच्या आड येते म्हणून साखर कारखान्याची चिमणी पाडली, आता दहा महिने झाले. चिमणीही गेली आणि विमानही नाही.

१०:४३ ए-४०१: येईल अण्णा.

१०:४३ अण्णा: माझा टॉवेल तोवर एसटीनं जातो.

१०:५५ शिक्षिका (सी-१०३): सगळे मोठमोठं बोलताय म्हणून माझंही टाकते. मी २००७ ला लागले. १ नोव्हेंबर २००५ नंतरची, म्हणजे जुनी पेन्शन नाही. मागच्या वर्षी मार्चमध्ये आठवडाभर संपावर होतो. तेव्हा मंडपात येऊन ‘आमचं सरकार आलं की पहिली सही’ म्हणणारे किती होते! काँग्रेसनं राजस्थानात, हिमाचलात दिलीसुद्धा. म्हणून न्यायपत्र आलं त्या रात्री मी मोबाईलवर ‘पेन्शन’ शब्द शोधत बसले. म्हाताऱ्यांची, विधवांची पेन्शन सापडली, माझी नाही. भाजपकडून तर मी शोधायलाही गेले नाही. मंगळवारी मी मतदान केंद्रावर ड्यूटीला आहे, दुसऱ्यांची बोटं शाईनं रंगवायला.

१०:५७ काकू: अगं मग तुझं मत?

१०:५८ शिक्षिका: ते देते हो. कोणाला ते अजून मलाच कळलं नाही.

११:०२ सेक्रेटरी: आता पुरे. मी तिसऱ्यांदा सांगतोय.

११:०३ अण्णा: दुसऱ्यांदा.

११:१० सेक्रेटरी: ठीक आहे, मग मीही बोलतो. पाण्याचं कोणी काढलंच नाही! उजनी धरण जानेवारीतच उणे साठ्यात गेलं. शहराला पाणी जलवाहिनीनं येतं तसं नदीतूनही येतं. धरणातून भीमेत सोडायचं, ते औज-टाकळीच्या बंधाऱ्यापर्यंत वाहत यायचं, तिथून आपल्याला. वाटेत किती मुरतं आणि किती मोटारी बसलेल्या असतात ते भीमाकाठच्या पाहुण्यांना विचारा. समांतर जलवाहिनी झाली की हे थांबेल, असं मी सेक्रेटरी झालो तेव्हापासून ऐकतोय. मार्च २०२२ पासून महापालिकेत नगरसेवकच नाहीत, प्रशासक आहे. म्हणजे पाण्यासाठी ज्याच्या दारात जाऊन भांडायचं ते दारच नाही. खासदारकीला उभे असलेले दोघेही पाण्याचं बोलतात, दोघेही दुसऱ्याकडं बोट दाखवतात. मी टँकरवाल्याला फोन करतो. माझं राजकारण एवढंच.

११:१२ सर: सेक्रेटरींनी स्वतःची पोस्ट डिलीट करावी ही विनंती.

११:१३ बी-१०२: 😄😄

११:१५ काकू: बरं, मुद्द्याचं. मालक, उन्हाळी कांदा टिकणारा, मध्यम, दोन पिशव्या आणाल का सोमवारी? सगळ्यांनी मिळून घेऊ. माझा २० किलो.

११:१६ शिक्षिका: १० किलो

११:१६ अण्णा: २५. आमच्याकडं माणसं जास्त.

११:१८ बी-१०२: १०

११:१९ ए-४०१: आईसाठी १५. मी उद्या रात्री येतोय मतदानाला, पैसे देतो.

११:२० अडतवाले मालक: ऐंशी किलो झाले, दोन पिशव्यांत बसतं. आणतो. सोमवारच्या लिलावात जो निघेल तो दर, वर फक्त हमाली आणि टेम्पो. पट्टीचा फोटो ग्रुपवर टाकतो.

११:२२ सर: माझाही १५. पण मालक, आजच्या बातमीनं सोमवारी दर चढला तर? शुक्रवारचा दर धरता येईल का?

११:२३ काकू: सर!! 😂

११:२३ बी-१०२: सरांसाठी मंगळवारपर्यंत बंदी ठेवायला सांगू का?

११:२६ अडतवाले मालक: सर, तुमचे १५ लिहिले. सोमवारचाच दर.

३:३८ सेक्रेटरी: टँकर आलाय. खालची मोटर कोण चालू करतंय? बी विंगचा व्हॉल्व्ह आधी बंद करा, मागच्या वेळी सगळं पाणी पार्किंगमध्ये गेलं होतं.

३:३९ काकू: लिफ्ट बंद आहे, मी नाही उतरत.