ट्रेडमध्ये नक्की कोणत्या क्लबचा फायदा झाला हे कसं ठरवतात? (मदत हवी आहे, अर्जंट)

पर्थचा पाहुणा
नमस्कार मंडळी. ऑफिसात दोघांची जुंपलीय आणि पंच मला केलंय, कारण माझी कुठलीच टीम नाही. शुक्रवारी लंचला निकाल द्यायचाय, हरेल त्याने सगळ्यांना जेवण द्यायचं. प्रश्न एवढाच आहे की एक प्लेअर एका क्लबातून दुसऱ्या क्लबात गेला, बदल्यात एक प्लेअर आणि दोन पिक आले, तर जिंकलं कोण? एक म्हणतो कप मोज, दुसरी म्हणते मेडल मोज. नेटवर बघितलं तर जो तो आपलंच घोडं दामटतोय. काही फॉर्म्युला असतो का याला? आणि प्लीज 'दोघांचाही फायदा' असलं गुळमुळीत उत्तर नको.

निवांत नाना
खेळ कुठला ते तर सांगा राव. पिक म्हणताय म्हणजे बास्केटबॉल का?

पर्थचा पाहुणा
फुटबॉल. पर्थमध्ये दुसरं काय असणार.

लाल सैतान
मग सोपं आहे की. घेताना ट्रान्सफर फी किती दिली, विकताना किती आली, मधल्या काळात गोल किती. फी जास्त गेली असेल तर विकणारा जिंकला. बघायचं कारणच नाही पुढे.

पर्थचा पाहुणा
अहो तो नाही, एएफएल, ऑस्ट्रेलियाची फूटबॉल लीग, इथे 'फूटी' म्हणतात, ओव्हल ग्राउंड, लांबट बॉल, चार खांब. फी-बी काही नसते इथे, प्लेअरच्या बदल्यात प्लेअर नाहीतर ड्राफ्टचे पिक (नवे प्लेअर निवडायचा नंबर, पिक १ म्हणजे सगळ्यात आधी). ज्यांना माहीत आहे त्यांनीच लिहा ना, वेळ नाहीये.

एक्सेलराव
मेलबर्नहून लिहितोय, बरीच वर्षं फूटी बघतोय. फॉर्म्युला आहे. एएफएलने स्वतःच २०१५ पासून प्रत्येक पिकला पॉइंट दिलेत. पिक १ म्हणजे ३००० पॉइंट, पिक २ म्हणजे २५१७, पिक ३ म्हणजे २२३४, असं उतरत जातं (मधे ते टेबल बदललं, मी जुनं सांगतोय). दोन्हीकडचे पॉइंट मांडा, वजाबाकी करा, झालं. माझ्याकडे शीट आहे, हवं तर पाठवतो.

खडूस
एक्सेलराव, ते पॉइंट क्लबच्या अकॅडमीच्या आणि फादर-सनच्या (क्लबच्या जुन्या प्लेअरच्या) पोरांवर दुसऱ्या क्लबने बोली लावली तर ती मॅच करायला काढलेत. ट्रेड कोणी जिंकला हे सांगायला नाही. आणि चालत्या-बोलत्या प्लेअरला किती पॉइंट देणार, तो आकडा तुम्ही शीटमध्ये कुठून आणता ते सांगा आधी.
धागाकर्ते, प्लेअर कोण, साल कुठलं, क्लब कुठले? एवढं लिहायला काय हरकत होती?

एक्सेलराव
माझा अंदाज घालतो. अनुभवाने.

खडूस
म्हणजे उत्तर आधी ठरवायचं आणि मग शीट भरायची.

पर्थचा पाहुणा
क्रिस जड. अजून कोण असणार, पर्थमध्ये राहतो म्हटलं ना. वेस्ट कोस्ट ईगल्सवाला (पर्थचा क्लब) म्हणतो आम्ही लुटलं, कार्लटनवाली (मेलबर्नचा क्लब) म्हणते आम्ही लुटलं.

गडद निळी
अरे देवा पुन्हा तेच. मी कार्लटनवाली (तुमच्या ऑफिसातली नाही 😀). २००७ च्या सीझननंतरचा ट्रेड. आम्हाला क्रिस जड आणि पिक ४६, वेस्ट कोस्टला जॉश केनेडी, पिक ३ आणि पिक २०. त्याआधी आमची अवस्था काय होती ते विचारूच नका, २००५ आणि २००६ ला तळात शेवटचे, २००७ ला सोळात पंधरावे. जड आला, कॅप्टन झाला, २००८, ०९, १० तीन वर्षं लागोपाठ क्लबचा बेस्ट प्लेअर, २०१० ला ब्राउनलो मेडल (लीगचा बेस्ट प्लेअर), आणि २००९ पासून आम्ही पुन्हा फायनल्स (वरच्या क्लबांच्या सीझनअखेरच्या मॅचेस) खेळायला लागलो. आणि पिक ४६ ला सगळे विसरतात, त्यातून डेनिस आर्मफील्ड आला, शंभराच्या वर मॅचेस खेळला. जिंकलो आम्ही.

ईगलखोर
कप किती आले ताई?

गडद निळी
कप हाच एक हिशोब नसतो.

ईगलखोर
शून्य कप आले. आमच्याकडे केनेडीने सातशेच्या वर गोल मारले, क्लबच्या इतिहासात सगळ्यात जास्त, २०१५ आणि २०१६ चं कोलमन मेडल (सीझनमध्ये सगळ्यात जास्त गोल), आणि २०१८ चा फ्लॅग, म्हणजे कप. पिक ३ चा क्रिस मास्टन पण त्या २०१८ च्या ग्रँड फायनलमध्ये होता. ५ पॉइंटने जिंकलो कॉलिंगवूडविरुद्ध. अजून काय पुरावा पाहिजे? पाहुणे, निकाल लागला, जेवण कार्लटनवालीकडून.

खडूस
थांबा. पिक २० चं काय झालं? टोनी नोटे. फारसा खेळलाच नाही. पिक ३ चा मास्टन चांगला पण जडच्या जवळपास नाही. म्हणजे हा ट्रेड एकट्या केनेडीवर उभा आहे. आणि २०१८ म्हणजे ट्रेडनंतर अकरा सीझन. एवढ्या लांबचा कप ट्रेडच्या खात्यात टाकायचा तर मधला २०१० पण टाका, तेव्हा ईगल्स सोळापैकी सोळावे होते. जड असता तर झाले असते का?

ईगलखोर
जड नव्हता म्हणून खाली गेलो हे कुणी सांगितलं, बेन कझिन्सला त्याच सुमारास क्लबने काढलं होतं, सगळी मिडफिल्डच उसवली होती. आणि खाली गेलो म्हणून २००८ ला पिक २ मिळाला आणि निक नायटनुई आला. तो पण धरा मग.

गडद निळी
वा! शेवटून दुसरे आलात त्याचंही बक्षीस ट्रेडच्या खात्यात. मग आमचं २०११ पण धरा.

ईगलखोर
२०११ ला सेमी फायनलला सुबियाकोला तुम्ही आमच्याकडूनच ३ पॉइंटने हरलात ना? 😂

गडद निळी
आठवण करून दिल्याबद्दल धन्यवाद.

निवांत नाना
मला यातलं ओ की ठो कळत नाही पण धागा रंगलाय. एक शंका, आयपीएलमध्ये हार्दिक गुजरातहून मुंबईला आला ते पण असंच ना? पैसे देऊन आणला, कॅप्टन केला आणि २०२४ ला मुंबई टेबलात तळाला. म्हणजे गुजरात जिंकलं?

लाल सैतान
गुजरात तरी कुठे वर गेलं, आठवे आले. रोहितला काढायला नको होतं.

निवांत नाना
रोहितचा विषय काढू नका, बीपी वाढतं.

पर्थचा पाहुणा
हार्दिकसाठी वेगळा धागा काढा ना काका. मला शुक्रवारपर्यंत हवंय.

स्वप्नाळू सई
नमस्कार, आम्ही मेलबर्नला शिफ्ट होतोय. एमसीजीला फूटी बघायला जायचं तर लहान मुलांना घेऊन कुठल्या स्टँडला बसावं? आणि डबा आत नेऊ देतात का?

एक्सेलराव
डबा नेऊ देतात, काचेच्या बाटल्या नाही. मुलं लहान असतील तर कडेला बसा, मधेच उठून जाता येतं. मुलांना ऑसकिकला (लहान मुलांचे फूटीचे वर्ग) पण घाला, छान असतं.

खडूस
पाहुणे, आता माझं ऐका. तुमचे दोघे दोन वेगळे प्रश्न भांडतायत. ट्रेड करताना कोणाचा निर्णय शहाणपणाचा होता हा एक, आणि शेवटी कोणाला जास्त मिळालं हा दुसरा. पहिल्यासाठी त्या दिवशी क्लबच्या हातात काय होतं तेवढंच बघायचं. जडचा करार संपला होता, तो मूळचा मेलबर्नचा, त्याला घरी जायचं होतं. फ्री एजन्सी (करार संपला की प्लेअर ट्रेडशिवाय दुसऱ्या क्लबात जाऊ शकतो) २०१२ ला आली, तेव्हा ती नव्हती, पण करार संपलेला प्लेअर प्री-सीझन ड्राफ्टमधून निघून गेला असता तर वेस्ट कोस्टच्या हातात धुपाटणंच राहिलं असतं. म्हणजे त्यांच्यासमोर 'जड की केनेडी' असा पर्याय नव्हताच. 'काहीच नाही की केनेडी अधिक दोन पिक' हा पर्याय होता. ईगल्सचं यश मोजायचं तर ते शून्यापासून मोजा, २००४ ला ब्राउनलो घेतलेल्या आणि २००६ चा फ्लॅग उचललेल्या कॅप्टनपासून नको.

ईगलखोर
हेच म्हणतोय मी.

खडूस
नाही, तुम्ही २०१८ म्हणताय. आता कार्लटनकडून बघा. केनेडी २००५ चा चौथा पिक, दोन सीझनमध्ये २२ मॅचेस झालेल्या, कच्चा पोरगा. त्यांच्याकडे फुल फॉरवर्डला, म्हणजे पुढे गोल मारायला, फेव्होला होता, २००६ ला कोलमन घेतलेला. त्यामुळे त्या दिवशी केनेडीला देणं वेडेपणा नव्हता. बिनसलं ते पुढे. २००९ ला फेव्होलाने दुसरं कोलमन घेतलं आणि त्याच ऑक्टोबरमध्ये त्याला ब्रिस्बेनला धाडला. आता गोल मारणार कोण? जड मधून बॉल काढून देतोय आणि पुढे उभा राहायला माणूस नाही, आणि जो उभा राहिला असता तो पर्थमध्ये. हा भाग मला तरी ट्रेडपेक्षा २००९ चा जास्त दोष वाटतो.

गडद निळी
हे मात्र पटलं. आणि हे पण बघा की जड यायच्या आधी आणि येताना आमच्याकडे लागोपाठ तीन वर्षं पिक १ होते, मर्फी, गिब्स, क्रूझर. तरुण पोरं भरपूर, त्यांना दिशा दाखवणारा कुणी नव्हता. म्हणून जड हवा होता.

ईगलखोर
तीन पिक १ आणि जड, तरी कप नाही. ताई तुम्ही माझीच केस लढताय.

तिरकस
कप-कप काय करताय, टॉम बॉइडचं काय सांगाल? २०१४ ला वेस्टर्न बुलडॉग्जने त्याला आणायला आपला कॅप्टन रायन ग्रिफेन आणि पिक ६ जायंट्सला दिला, वर सात वर्षांचा तगडा करार. दोन वर्षं लोक हसले. मग २०१६ च्या ग्रँड फायनलमध्ये त्याने तीन गोल मारले, त्यातला एक लांबून टप्पे खात आत गेलेला, आणि १९५४ नंतर बुलडॉग्जला पहिला फ्लॅग. २०१९ ला तो रिटायर पण झाला, वय तेवीस. आकड्यात मांडलं तर तोट्याचा सौदा. बुलडॉग्जच्या एका तरी माणसाला विचारा परत घ्यायचा का तो ट्रेड. फूटस्क्रेत, म्हणजे त्यांच्या गल्लीत, मार खाल.

ईगलखोर
बरोबर, कप महत्त्वाचा.

एक्सेलराव
मग बडी फ्रँकलिन? २०१३ नंतर हॉथॉर्न सोडून सिडनीला नऊ वर्षं, एक कोटी डॉलर. सिडनीला त्याच्यासोबत एकही फ्लॅग नाही, तीन ग्रँड फायनल हरले. २०१४ ला तर हॉथॉर्ननेच ६३ पॉइंटने धुतलं. पण २०२२ ला त्याचा हजारावा गोल झाला तेव्हा एससीजीवर लोक मैदानात घुसले ते बघा. सिडनी हरलं म्हणाल का? रग्बीच्या गावात तिकिटं खपवली त्याने.

खडूस
तो ट्रेड नाही, फ्री एजन्सी. हॉथॉर्नला एएफएलकडून भरपाईचा पिक १९ मिळाला, सिडनीने पिक म्हणून काही दिलंच नाही. सिडनीने मोजली ती सॅलरी कॅपमधली (क्लबच्या एकूण पगारावरची मर्यादा) जागा. त्याचा हिशोब वेगळा.

एक्सेलराव
शीटमध्ये कॅपचा कॉलम आहे माझ्या.

पर्थचा पाहुणा
ओके ओके. खडूस, म्हणजे शेवटी काय सांगू? एका ओळीत. दोघं रोज डेस्कपाशी येऊन विचारतायत.

खडूस
आधी त्या दोघांना विचारा की पैज लावताना 'फायदा' कशात मोजायचा ठरलं होतं. ठरलंच नसेल तर माझं मत असं: २०११ पर्यंत बघितलं तर कार्लटन पुढे, जडने लगेच काम केलं. २०१५ नंतर बघितलं तर वेस्ट कोस्ट, आणि तेही बरंच पुढे. केनेडी २०२२ पर्यंत खेळला, शेवटच्या मॅचला पण आठ गोल मारले, जड २०१५ ला गुडघा गेल्यावर थांबला. एकच नाव हवं असेल तर वेस्ट कोस्ट. पण 'लुटलं' म्हणू नका. हातातून जाणाऱ्या प्लेअरचा चांगला भाव वसूल केला, इतकंच.

गडद निळी
असहमत, पण ठीक.

पर्थचा पाहुणा
विचारलं. काही ठरलं नव्हतं म्हणे. कार्लटनवाली म्हणते पंच वेस्ट कोस्टच्या गावात राहतो, निकाल मान्य नाही. तर तीन मॅनेजर्सना पण धरलंय आता पंच म्हणून, त्यातला एक फ्रीमँटलवाला (पर्थकडचाच दुसरा क्लब) आहे आणि तो म्हणतोय लॉकी नीलबद्दल बोलूया. २०१८ ला नील ब्रिस्बेनला गेला आणि फ्रीमँटलला काय मिळालं हे कुणी पटकन सांगेल का? उद्या शुक्रवार आहे.

ईगलखोर
पिक ६, १९ आणि ५५. ब्रिस्बेनला नील आणि पिक ३०. आणि मग नीलने २०२० आणि २०२३ ला ब्राउनलो घेतलं. फ्रीमँटलवाल्यासमोर हे वाचू नका, जेवायचा नाही तो.

एक्सेलराव
शीट पाठवू का?