जपानमधलं इने गाव, कोणी गेलंय का?

प्रश्न (कोलशेत, ठाणे): एप्रिलमध्ये क्योतोहून इनेला एक रात्र राहायचंय, आई सोबत आहे आणि ती मासे खात नाही, जमेल का?

उत्तर (ऐरोली): जा हो नक्की! ट्रेनने आमानोहाशिदाते, पुढे तासभर बस, बस कमी आहेत म्हणून टाइमटेबल बघूनच निघा. खाडीकाठी २३० च्या आसपास फुनाया, म्हणजे खाली होडी, वर घर, पाणी अगदी उंबऱ्याला. तिकडे भरती-ओहोटीचा फरक फार कमी, म्हणून जमतं, आपल्या खाडीत खालचा मजला बुडालाच असता.

उत्तर (दिवाळे कोळीवाडा, बेलापूर): आईंचं जेवण बुकिंगलाच सांगा, मिसो सूपमध्येपण बहुतेकदा माशाचाच अर्क असतो. आणि ती राहती घरं आहेत, आमच्या दारात कोणी न विचारता फोटो काढले की फार लागतं, तिथेही विचारूनच काढा.