वजनाचं ऑपरेशन एकाचं, पण जेवणाच्या सवयी सगळ्या घरानं बदलायच्या का? माझं मत : हो

गवतीचहा :
बरेच महिने मनात साचलंय ते आज लिहून टाकते. डिसेंबरमध्ये माझी बायपास झाली, हृदयाची नाही, वजनाची. तेव्हा वजन ११८, उंची पाच फूट तीन, बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) ४६, नऊ वर्षांची शुगर आणि रोज दोनदा इन्सुलिन. आज नऊ महिन्यांनी वजन ८४ आहे आणि इन्सुलिन डॉक्टरांनी बंद केलंय. ऑपरेशनचा पश्चात्ताप मला एक दिवसही झाला नाही. पण नंतरचं जेवण जे अवघड गेलं ते पोटापेक्षा घरामुळे जास्त, आणि म्हणून माझं ठाम मत आहे की असं माणूस घरात असेल तर सगळ्या घरानं बदलायला हवं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाची एवढीशी पिशवी करतात आणि आतडं थेट तिला जोडतात. सुरुवातीला त्यात साधारण ३० मिली मावतं, म्हणजे खोकल्याच्या औषधाची दोन-तीन टोपणं. पहिले दोन आठवडे फक्त पातळ, पुढचे दोन आठवडे मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि दीड-दोन महिन्यांनी हळूहळू नेहमीचं. मी लेकीच्या उष्टावणाची चांदीची वाटी माळ्यावरून काढली होती आणि तिच्याच चमच्यानं मुगाचं कढण प्यायचे, एक चमचा, मग दोन मिनिटं थांबायचं, मग पुढचा. अर्ध्या वाटीला अर्धा तास. तेवढा अर्धा तास घरात कुणालाच धीर नसायचा, प्रत्येकजण येता-जाता विचारणार, अजून तेवढंच?

दोन महिन्यांनी चुलत सासूबाई आल्या होत्या. आमच्याकडे पाटावर पान वाढलं की पहिला वरणभात, शेजारी पाण्याचं भांडं, आणि पानात टाकायचं नाही. त्या म्हणाल्या अगं एवढीशी पोळी तर आहे, पाण्याच्या घोटाबरोबर जाईल. मी पाहुण्यांसमोर नको म्हणू शकले नाही. तिसऱ्या घासाला छातीच्या मधोमध दगड बसल्यासारखं झालं, तोंडात फेसाळ लाळ भरून यायला लागली, गिळता येईना आणि बाहेरही येईना, वीस मिनिटं बेसिन धरून उभी होते आणि बाहेर पंगत चालू होती. गणपतीत तेच, प्रसादाला नाही म्हणू नये म्हणून एक मोदक खाल्ला, पंधरा-वीस मिनिटांत घामानं ब्लाऊज भिजला, छाती धडधडायला लागली, पोटात कळ, आरती सोडून आडवी झाले. याला डंपिंग म्हणतात, गोड पदार्थ जठरात न थांबता थेट आतड्यात उतरतो आणि तिथे पाणी ओढून घेतो.

हे सगळं टाळता आलं असतं. जेवताना पाणी नाही, त्यानंतर अर्धा तास नाही. आधी अंडं, उसळ, पनीर, मासा, आणि भात सगळ्यात शेवटी, जागा उरली तर. आणि आग्रह बंद. एवढं घरानं करायला काय हरकत आहे?

कोकणकडा :
ताई, तुम्ही सोसलंय ते वाचून वाईट वाटलं आणि इन्सुलिन सुटलं त्याबद्दल मनापासून अभिनंदन, पण मुद्दा अजिबात पटला नाही. माझ्या बायकोची चार वर्षांपूर्वी स्लीव्ह झाली, हे वजनाचंच दुसऱ्या प्रकारचं ऑपरेशन, त्यात जठराचा ७५-८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याएवढी नळी ठेवतात. सुरुवातीला मीही उत्साहात सगळं घर बदललं, आई-बाबांचा भात कमी केला, मुलांची बिस्किटं बंद केली, तिच्यासमोर कुणी काही खायचं नाही असा नियम. दोन महिन्यांनी ती एके रात्री रडली आणि म्हणाली की तुम्ही सगळे माझ्या ताटाकडे बघता, किती घेतलं किती टाकलं याचा हिशोब तुमच्या डोळ्यांत दिसतो, मला आजारी असल्यासारखं वाटतं. त्या दिवसापासून घरात नेहमीचा स्वयंपाक होतो, ती स्वतःचं स्वतः वाढून घेते आणि कुणी बघत नाही. घर बदललं की घरातला प्रत्येकजण पोलीस होतो, हे मी अनुभवानं सांगतोय.

गवतीचहा :
@कोकणकडा, तुमच्या बायकोचं पटतं. पण तिच्या घरात तिला कुणी पोळी घे म्हणत नाही ना? तुम्ही आग्रह सोडलात, म्हणजे घर बदललंच की. माझं मागणं तेवढंच आहे.

विदर्भवासी :
राग मानू नका पण मला हा सगळाच प्रकार समजत नाही, म्हणजे ऑपरेशननंतरही चावून खा, गोड नको, मोजून खा, आयुष्यभर व्हिटॅमिनच्या गोळ्या घ्या, एवढं सगळं पाळायचंच आहे तर ते ऑपरेशन न करता का नाही पाळायचं? मी दीक्षितांच्या पद्धतीनं दिवसात दोनदाच जेवतो, ५५ मिनिटांच्या आत, मध्ये काही नाही, चौदा किलो कमी केले एका पैशाचा खर्च न करता. तुम्हीपण आता दोनच वेळा जेवा, सारखं थोडं थोडं खाण्याची कटकट जाईल.

ताकभात :
@विदर्भवासी, तुमचे चौदा किलो कौतुकाचेच आहेत. पण मी बारा वर्षं याच पेशंटच्या आहाराचं काम करते म्हणून कळकळीनं सांगते, ऑपरेशन झालेल्या कुणालाही दोन वेळा जेवायचा सल्ला देऊ नका. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन जायला हवं. घट्ट वरणाच्या भरल्या वाटीत पाच-सहा ग्रॅम असतं, एका अंड्यात सहा, पन्नास ग्रॅम पनीरमध्ये नऊच्या आसपास. आणि यांना एका वेळी अर्धी वाटी जाते. करा हिशोब, दोन जेवणांत कसं बसवणार? कमी पडलं की शरीर स्नायू खातं, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केसांचे पुंजके हातात येतात, आणि पेशंट घाबरून माझ्याकडे येतात. सुरुवातीच्या महिन्यांत प्रोटीन पावडर लागतेच, तिला घरात विष म्हणून बघू नका.

ऑपरेशनशिवाय का नाही जमलं, त्याचंही उत्तर आहे. भुकेचं हार्मोन घ्रेलिन जास्तीत जास्त तयार होतं जठराच्या वरच्या भागात, आणि स्लीव्हमध्ये तोच भाग निघतो. बायपासनंतर आतड्यातली पोट भरल्याची सूचना देणारी हार्मोन्स वाढतात. वीस-वीस वर्षं डाएट करून थकलेली माणसं येतात हो, त्यांना मनाचा निग्रह नव्हता असं म्हणणं अन्याय आहे. विम्याच्या नियमातही हे ऑपरेशन बीएमआय ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत गंभीर आजार असेल तरच बसतं.

आता गवतीचहा, तुमच्याशीही थोडं भांडते. आग्रह बंद झालाच पाहिजे. पण घरानं बदलायचं म्हणताना लोक नेमकं चुकीचं बदलतात. पेशंटला सांभाळायचं म्हणून दिवसभर पातळ ताक, पेज, साबुदाण्याची खीर, चहात बुडवलेलं बिस्किट, सगळं मऊ आणि सगळं बिनप्रोटीनचं. एकादशीला तर खिचडी एवढीशी म्हणून देतात, ती चिकट असते, अडकते, आणि अंगाला त्यातून काही मिळत नाही.

भिंगरी :
मी सहा वर्षांची जुनी पेशंट. माझं मत मूळ पोस्टच्या विरुद्ध आहे आणि ते मला महाग पडून झालंय. माझं घर अगदी गवतीचहा म्हणतात तसं होतं, नवरा माझ्या आधी मासा वाढायचा, सासू पाण्याचा तांब्या उचलून ठेवायची. पहिल्या दीड वर्षात एकेचाळीस किलो गेले. आणि मग सतरा परत आले. कुणी आग्रह केला नव्हता. पोळी अडकायची, चिकन अडकायचं, पण चिवडा, फरसाण, आईस्क्रीम, खारी हे कुठेच अडकत नाही, सरकत खाली जातं आणि तासाभरानं पुन्हा मावतं. मी ओट्याशी उभी राहून मूठ-मूठ खायचे, जेवायला बसले की दोन घासांत पोट भरलं म्हणायचे, सगळे म्हणायचे बिचारी किती कमी खाते. त्यात मला बरं वाटतंय म्हणून गोळ्याही सोडल्या. चौथ्या वर्षी तळपायाला मुंग्या यायला लागल्या, चालताना जमीन नीट कळेना, तपासलं तर बी-१२ तळाला. इंजेक्शनं घेऊन बराच फरक पडला, पूर्ण नाही, डाव्या पायाची बोटं अजून बधिर असतात. घरानं काय काय करायचं? गोळी माझी मलाच गिळायची असते.

कोकणकडा :
हेच, अगदी हेच मला म्हणायचं होतं.

गवतीचहा :
भिंगरी, तुमचं वाचून पोटात गोळा आला, मी लगेच उठून माझा गोळ्यांचा डबा बघितला. पण मला सांगा, घरच्यांना चिवड्याचं माहीत असतं, म्हणजे त्यांना कुणी आधी समजावलं असतं की पातळ आणि कुरकुरीत सरकतं म्हणून, तर सहा वर्षांत एकानं तरी ओट्याशी येऊन विचारलं नसतं का? मला पहारा नकोय, माहिती हवीय घराला. तुमच्या घरानं प्रेम केलं पण त्यांना अर्धंच माहीत होतं.

रात्रपाळी :
एक वेगळा मुद्दा, पुरुषांसाठी विशेष. माझी बायपास होऊन दोन वर्षं झाली. मी ऑफिसात कुणाला सांगितलेलं नव्हतं आणि माझं मत होतं की सांगायची गरजच नाही, लोक शॉर्टकट म्हणतात. वर्षभरानं पार्टीत एक पेग घेतला, पूर्वी चार पचवायचो, त्या एकातच पाय लटपटले, कारण या ऑपरेशननंतर दारू फार झटकन रक्तात उतरते. मित्रांनी दुसरा हातात दिला, त्यांना काय माहीत. गाडीची चावी माझ्या खिशात होती. त्या रात्री चालवली नाही हे नशीब. आता सगळ्यांना सांगितलंय आणि पितही नाही.

माईआजी :
माझ्या मुलाचं जुलैत स्लीव्ह ऑपरेशन झालं. टायपिंग सावकाश आहे, चूकभूल द्यावी. मी ती आग्रह करणारी आई आहे. गवतीचहा, तुम्ही लिहिलंत आग्रह बंद, दोन शब्दांत, पण पंचेचाळीस वर्षं ज्या हातांनी वाढलं त्या हातांना ते दोन शब्द कळायला वेळ लागतो. तो लहानपणी अशक्त होता, सातव्या महिन्यात झालेला, एकेक घास चिऊ-काऊ करून भरवलाय त्याला. आता तो दोन चमचे खाऊन ताट सरकवतो आणि मला आत कुठेतरी वाटतं की पोर उपाशी आहे. दवाखान्यात त्याला आणि सूनबाईला बसवून सगळं समजावलं, मी बाहेर बाकावर पिशव्या सांभाळत होते. मला कुणी आत बोलावलं नाही, आणि स्वयंपाक मी करते. घरानं बदलायचं म्हणता तर घराला आधी सांगा तरी. परवा त्याला दिवसातून तीनदा उलटी झाली तर मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं, कुणाला बोलले नाही.

ताकभात :
माईआजी, आधी एक महत्त्वाचं. उलट्या थांबल्या आहेत का? रोज होत असतील, पाणीही टिकत नसेल, तर आजच त्याच्या सर्जनना फोन करा, उद्यावर ढकलू नका. सततच्या उलट्यांनी शरीरातलं बी-१ व्हिटॅमिन फार लवकर संपतं, त्याचा परिणाम थेट मेंदूवर आणि डोळ्यांवर होतो, गोंधळल्यासारखं होणं, दोन-दोन दिसणं, तोल जाणं. घाईत खाल्ल्यानं एखाद्या वेळी होते ती उलटी वेगळी आणि ही वेगळी. तुमचं काही चुकलेलं नाही. पुढच्या तपासणीला तुम्ही आत जा, आणि सांगा की मी स्वयंपाक करते.

गवतीचहा :
माईआजी, मला माफ करा. माझी आई असती तर तीही बाकावर बसली असती. माझ्या घरातही सासूबाईंना कुणी आत नेलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

माईआजी :
उलट्या कालपासून नाहीत, मुलाला फोन करून विचारलं आत्ता, त्या दिवशी मीटिंग होती म्हणून पाच मिनिटांत खाल्लं होतं म्हणे. पाणी टिकतंय. त्याला तिसरा महिना चालू आहे. मुगाचं धिरडं चालेल का? त्याला लहानपणापासून आवडतं.

ताकभात :
चालेल. साल काढलेल्या मुगाचं, पातळ घाला, कडा कुरकुरीत होऊ देऊ नका, तेल पुसण्यापुरतं. पिठात थोडं पनीर किसून टाका. अर्धंच वाढा, बारीक तुकडे करून द्या, वीस-पंचवीस मिनिटं लागू द्या. बरोबर चहा नको, पाणी अर्ध्या तासानं. आणि अर्ध्यातलं अर्धं उरलं तर झाकून ठेवा, तो दोन तासांनी खाईल.