मीडियाविकीवरची मराठी-हिंदी मदतपानं ह्युगोवर हलवायची आहेत: साचे, पत्ते आणि मात्रा कशा वाचवायच्या?

पोहे_जिलेबी (इंदूर)

नमस्कार मंडळी. देवनागरी कळफलकाच्या एका मुक्त-स्रोत प्रकल्पाची मदतपानं मीडियाविकी (विकिपीडियाचं सॉफ्टवेअर) १.३५ वर आहेत. त्या आवृत्तीचा आधार २०२३ मध्येच संपला, आणि स्पॅम खाती निस्तरण्यातच वेळ जातो. आता मजकूर मार्कडाउनमध्ये (साध्या खुणांच्या मजकूर-फाइलींत) गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनावर ठेवायचा आणि साइट ह्युगो किंवा एमकेडॉक्स या स्थिर पानं बनवणाऱ्या साधनानं बांधायची असं इथल्या गटात ठरतंय. साडेसहाशेच्या आसपास पानं आहेत. निम्मी मराठी, बाकी हिंदी आणि इंग्रजी (इंदूर म्हटल्यावर तिन्ही आलंच).

पॅनडॉक या रूपांतर-साधनानं थोडी पानं काढून पाहिली. मजकूर ठीक येतो, पण `साचा:सूचना`सारखे सगळे साचे (अनेक पानांत वापरायचे तयार तुकडे) साफ गायब होतात. काही तक्ते मार्कडाउन फाइलीत दिसतात, मात्र बांधलेल्या साइटवर त्यांची जागा रिकामी. एमकेडॉक्सवर मराठी मथळ्यांच्या लिंका `_१`, `_२` अशा झाल्या. शिवाय जुन्या लिंका लोकांनी जागोजागी चिकटवल्यात, त्या मोडल्या तर शिव्या आम्हालाच. सुरुवात कुठून करावी?

मांडवी (बडोदा)

रूपांतराला हातच लावू नका अजून. आधी पत्त्यांचा तक्ता करा. मजकूर बिघडला तर पुन्हा रूपांतर करता येतं. पत्ते एकदा जाहीर झाले की परत घेता येत नाहीत.

विकीच्या एपीआयमधून (प्रोग्रामनं माहिती मागायची सोय) सगळ्या पानांची यादी काढा, पुनर्निर्देशनं (दुसऱ्या पानाकडे नेणारी पानं) धरून. प्रत्येक ओळीत पान-क्रमांक, जुनं शीर्षक, नवा पत्ता आणि निर्णय: ठेवायचं, दुसऱ्यात मिसळायचं की टाकायचं. पान-क्रमांक विसरू नका, कारण `क्युरआयडी` (पत्त्यातला पान-क्रमांक) वापरून केलेल्या लिंकाही बाहेर फिरत असतात. तक्ता भरताना सर्व्हरची नोंद शेजारी ठेवा. कुणी उघडतच नाही अशी पानं भरपूर निघतील, आणि ती न हलवणं हेच सगळ्यात स्वस्त काम.

नवे पत्ते रोमन लिपीत आणि छोटे ठेवा. शीर्षक मराठीत राहू द्या, ते फाइलीच्या वरच्या माहितीत `टायटल`मध्ये जातं. पत्ता `स्लग`मध्ये वेगळा द्यायचा. हा भाषाभिमानाचा प्रश्न नाही, हिशेबाचा आहे. यूटीएफ-८ या सांकेतनात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं आणि पत्त्यात ते टक्क्यांच्या रूपात ९ अक्षरांचं होतं. `मदत` एवढा शब्द चॅटमध्ये चिकटवला की २७ अक्षरांची माळ दिसते. लिनक्सच्या ईएक्सटी४ फाइल-व्यवस्थेत फाइलीचं नाव २५५ बाइटांपर्यंतच चालतं, म्हणजे देवनागरीची ८५ चिन्हं, मात्रा आणि अनुस्वार वेगळे मोजून. विकीच्या शीर्षकाची मर्यादाही २५५ बाइटच आहे. त्यामुळे काठोकाठ भरलेल्या शीर्षकाला `.एमडी` जोडलं की फाइल बनतच नाही.

ह्युगोत `रिमूव्ह-पाथ-ॲक्सेंट्स` नावाची सेटिंग आहे. मूळची ती बंद असते, तशीच राहू द्या. ती फ्रेंचसारख्या भाषांतली अक्षरांवरची चिन्हं काढायला केलेली आहे, पण आपला उकार, एकार, अनुस्वार आणि हलन्त युनिकोडच्या त्याच गटात पडतात. चालू केलीत तर `पुस्तके` चं `पसतक` होईल.

आता मथळे. एमकेडॉक्सच्या खाली जी पायथॉन-मार्कडाउन लायब्ररी आहे ती मथळ्याची लिंक बनवताना मुळात फक्त आस्की (साधी रोमन) अक्षरं ठेवते. मराठी मथळ्यात काहीच उरत नाही, म्हणून तुम्हाला नुसते क्रमांक दिसले. लोक उपाय सांगतात `स्लगिफाय-युनिकोड` लावण्याचा. तो अर्धवट आहे. पायथॉनचं रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरातले नमुने शोधणारं) इंजिन मात्रांना शब्दाचा भाग मानत नाही, त्यामुळे `मोड` आणि `मोडी` या दोन्ही मथळ्यांची लिंक `मड` होते आणि दुसरीला `_१` लागतं. उद्या मध्ये एखादा मथळा घातला की क्रमांक सरकला. ह्युगोवर गेलात तरी आपोआप बनणाऱ्या लिंकांवर विसंबू नका. प्रत्येक मथळ्यापुढे महिरपी कंसात हॅश लावून स्वतःची रोमन खूण लिहा. ह्युगोच्या गोल्डमार्क या मार्कडाउन-वाचकाला ते थेट कळतं, पायथॉन-मार्कडाउनला `ॲट्र-लिस्ट` हे एक्स्टेन्शन चालू करावं लागतं.

खान_किनारा (इंदूर)

मांडवींनी पत्त्यांचं सांगितलंच आहे, मी रूपांतरापुरतं लिहितो.

पॅनडॉक साचे उलगडत नाही. कंसातला साचा तो कच्चा विकी-मजकूर म्हणून बाजूला ठेवतो, आणि गिटहब-पद्धतीचं (`जीएफएम`) मार्कडाउन लिहिताना कच्चा विकी-मजकूर गाळला जातो. चूक दाखवत नाही, इशारा देत नाही. त्यामुळे साच्यांची दोन गटांत विभागणी करा. आधी कोणता साचा किती पानांत आहे ते मोजा. विशेष पानांमध्ये ती यादी तयार मिळते. सूचना, इशारा, कळ-चिन्ह, आवृत्ती असे मोजके साचे बहुतेक पानं व्यापत असतात. त्यांना पायथॉनच्या `एमडब्ल्यू-पार्सर-फ्रॉम-हेल` लायब्ररीनं पकडून ह्युगोच्या शॉर्टकोडमध्ये (तिथल्या तशाच तयार तुकड्यांत) बदला. साध्या रेग्युलर एक्स्प्रेशननं करू नका. साच्यात साचा आला की कंस चुकतात. उरलेले सुटे साचे एपीआयच्या `एक्सपँड-टेम्प्लेट्स` मधून उलगडून घ्या आणि मग पॅनडॉकला द्या.

काही जण सरळ एपीआयमधून एचटीएमएल उचलतात आणि त्याचं मार्कडाउन करतात. गुंतागुंतीच्या पानांना तो मार्ग बरा. पण `डिसेबल-एडिट-सेक्शन` आणि `डिसेबल-टीओसी` हे दोन पर्याय द्या, नाहीतर प्रत्येक मथळ्याला "संपादन" चिकटून येतं आणि वर अनुक्रमणिकाही. रंगीत कोडचे तुकडेही त्रास देतात: भाषेचं नाव बाहेरच्या डिव्हच्या क्लासमध्ये असतं आणि आतला मजकूर स्पॅनांनी भरलेला असतो. क्लासमधून भाषा काढून कोड-ब्लॉकला लावायची, स्पॅन उडवायचे.

पॅनडॉकला `रॅप` पर्याय `नन` द्या. मूळ सेटिंगमध्ये तो ७२ स्तंभांवर ओळ तोडतो, मग एक शब्द बदलला तरी गिटमध्ये पूर्ण परिच्छेद बदललेला दिसतो.

तुमचे रिकामे तक्ते: ज्या तक्त्यात रकाने किंवा ओळी जोडलेल्या आहेत तो साध्या मार्कडाउन तक्त्यात बसत नाही, म्हणून पॅनडॉक तिथे एचटीएमएल लिहितो. ह्युगोचा गोल्डमार्क मूळ सेटिंगमध्ये कच्चं एचटीएमएल टाकून देतो. पानाचा सोर्स उघडा, त्या जागी एचटीएमएल वगळल्याची टिप्पणी सापडेल. रेंडररमध्ये `अनसेफ` चालू केलं की तक्ते दिसतील. गिटमध्ये तपासूनच मजकूर आत घेत असाल तर धोका नाही. कळफलकाच्या मांडणीचे तक्ते मात्र हातानं साधे करा. मोबाइलवर जोडलेल्या रकान्यांचा कुणालाच उपयोग नसतो.

चित्रांची यादी `डंप-अपलोड्स` स्क्रिप्टनं काढून तेवढ्याच फाइली घ्या, `इमेजेस` फोल्डर सरसकट उचलू नका. त्यात लघुचित्रं, जुन्या आवृत्त्या, सगळं असतं. फाइलींच्या शेवटी कुठे मोठ्या लिपीतलं `पीएनजी`, कुठे लहान. नव्या सर्व्हरवर ते वेगळं धरलं जातं, तेव्हा एकदाच सगळी नावं लहान करून लिंकाही त्याप्रमाणे बदला.

जयविलास (ग्वाल्हेर)

एक विरोधी सूर लावतो. तुमची मराठी पानं लिहिणाऱ्यांत गिट येणारे किती? विकीवर शिक्षक, टंकलेखक, प्रूफ पाहणारे लोक येऊन एक वेलांटी दुरुस्त करून जातात. पुल-रिक्वेस्ट (गिटवर बदल सुचवण्याची रीत) म्हटलं की ते परत फिरकत नाहीत. स्पॅम हेच कारण असेल तर मीडियाविकीच्या १.४३ या दीर्घकालीन आधाराच्या आवृत्तीवर चढा आणि नोंदणी मंजुरीवर ठेवा, काम भागतं. डोकुविकी या दुसऱ्या विकी-सॉफ्टवेअरचा विचार केलात तर तिथे डेटाबेस नसतो, पानं साध्या फाइलीच असतात. मात्र फाइलनावांची सांकेतन सेटिंग यूटीएफ-८ करा. मूळची टक्क्यांची पद्धत ठेवली तर २८ चिन्हांतच २५५ बाइट संपतात.

आणि हलवायचंच असेल तर परवान्याचं पाहा. विकीचा मजकूर बहुधा सीसी बाय-एसए (श्रेय देऊन, त्याच परवान्यात वापरू देणाऱ्या) परवान्याखाली असेल. तिथे श्रेय पानाच्या इतिहासातून दिलं जातं, आणि विकी बंद केलीत की तो इतिहासच बंद. `डंप-बॅकअप` स्क्रिप्टनं पूर्ण इतिहासासह एक्सएमएल काढा, त्यातून प्रत्येक पानाच्या लेखकांची नावं वेचून नव्या फाइलीच्या वरच्या भागात घाला आणि पानाच्या तळाशी दाखवा. एपीआयची लेखक-यादी अनामिक संपादकांची फक्त संख्या सांगते, म्हणून एक्सएमएलच पक्का आधार. परवाना बदलण्याचा विचार कुणी बोलून दाखवला तर तिथेच थांबवा. त्याला प्रत्येक लेखकाची संमती लागते.

पोहे_जिलेबी (इंदूर)

जयविलासजी, संपादकांचा मुद्दा बरोबर आहे. दर पानावर "हे पान सुधारा" अशी लिंक देऊन ब्राउझरमध्येच बदल करता येईल असं ठेवणार आहोत, आणि ज्यांना तेही नको त्यांच्यासाठी साधा फॉर्म. परवाना तोच राहील.

खान_किनारा, `अनसेफ` चालू केल्यावर तक्ते आले. आता दोन गोष्टी उरल्या: शोध आणि जुन्या लिंका. लनर हे शोध-साधन लावून पाहिलं, इंग्रजी शब्द सापडतात, मराठी एकही नाही.

मांडवी (बडोदा)

लनरच्या मूळ मांडणीत शब्दाच्या दोन्ही टोकांची "अक्षर नसलेली" चिन्हं छाटणारी पायरी असते, आणि तिच्या लेखी अक्षर म्हणजे फक्त रोमन. अख्खा मराठी शब्द छाटला जातो. ती पायरी काढा, किंवा पेजफाइंड हे दुसरं शोध-साधन वापरा. ते बांधून झालेल्या एचटीएमएलवर चालतं आणि सूची तुकड्यांत पाठवतं. प्रत्येक पानाच्या वरच्या टॅगवर भाषा `एमआर`, `एचआय`, `ईएन` अशी नेमकी असू द्या, त्यावरूनच ते वेगळ्या सूची करतं.

सामान्यरूपाचा घोळ तरी उरतोच. `कळफलक` शोधलं तर `कळफलकावर` सापडतं, कारण सुरुवात जुळते. `तक्ता` शोधलं तर `तक्त्यात` सापडणार नाही. अशा शब्दांची मूळ रूपं पानाच्या कळशब्दांत घालून ते शोधसूचीत येतील असं करा, दुसरा स्वस्त उपाय नाही.

रूपांतराच्या स्क्रिप्टमध्ये आणखी एक पायरी टाका. `करणाऱ्या` मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप झालेला असतो: काहींनी नुक्तेवाला ऱ वापरलेला असतो, काहींनी साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे, शोधाला मात्र वेगळे शब्द. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण हे एकत्र करत नाही. ते फक्त र अधिक नुक्ता यांचा एक ऱ करतं. तेव्हा आधी एनएफसी, मग र-हलन्त-जोडचिन्ह जिथे दिसेल तिथे ऱ-हलन्त. इतर ठिकाणची जोडचिन्हं पुसू नका. तुमचा प्रकल्पच कळफलकाचा, त्यात कुठे कुठे ती मुद्दाम दाखवलेली असणार.

खान_किनारा (इंदूर)

जुन्या लिंकांसाठी: नुसत्या स्थिर होस्टिंगवर गेलात तर ह्युगोचे `एलियस` (पानाला दिलेले जुने पत्ते) फक्त पाथवाल्या पत्त्यांना चालतात, तेही एचटीएमएलमधून पुढे ढकलून. `इंडेक्स.पीएचपी` पुढे प्रश्नचिन्ह लावून शीर्षक आलेलं असेल तर त्याला सर्व्हरच हवा. जुन्या डोमेनवर छोटा एन्जिनएक्स वेब-सर्व्हर ठेवा आणि मांडवींच्या तक्त्यातून तीन मॅप फाइली (जुना पत्ता, नवा पत्ता अशा याद्या) बनवा.

पाथसाठी एन्जिनएक्सचा `यूआरआय` हा चल (व्हेरिएबल) घ्या. तो उलगडलेला असतो, म्हणून मॅपमध्ये सरळ देवनागरी लिहिता येते. शीर्षकासाठी `आर्ग-टायटल` घ्या. तो उलगडलेला नसतो, तिथे टक्क्यांचं रूपच लिहावं लागतं. मॅपमधली तुलना लहान-मोठी लिपी पाहत नाही, त्यामुळे टक्क्यांच्या रूपातल्या `ई०` चा ई कसाही आला तरी जुळतो. पण शब्दांमधली जागा अधोरेखा, अधिक चिन्ह किंवा टक्का-२० अशा तीन रूपांत येते, त्या तिन्ही ओळी स्क्रिप्टनंच बनवून घाला. तिसरी फाइल `क्युरआयडी`ची. एन्जिनएक्स सुरू होताना मॅपच्या हॅशबद्दल कुरकुर करेल, तेव्हा `मॅप-हॅश-बकेट-साइझ` वाढवा. लांब देवनागरी पत्त्यांना ६४ पुरत नाही. पुढे पाठवायला `रीराइट` नको, `रिटर्न` वापरा, म्हणजे जुनं शीर्षक नव्या पत्त्याच्या शेपटीला लागत नाही.

पत्त्यातल्या हॅश चिन्हाच्या पुढचा भाग सर्व्हरपर्यंत पोहोचतच नाही, पण पुनर्निर्देशनानंतर ब्राउझर तो नव्या पानावर घेऊन येतो. जास्त वापरातल्या मथळ्यांवर जुन्या नावाची रिकामी अँकर शॉर्टकोडनं ठेवा. जुन्या विकीत टिंबांचं सांकेतन असेल तर `.ई०.ए४` असंही रूप लागेल.

पहिले काही दिवस ३०२ (तात्पुरतं पुनर्निर्देशन) द्या. ३०१ (कायमचं पुनर्निर्देशन) ब्राउझर धरून बसतो, चूक दुरुस्त केलीत तरी वाचकाकडे जुनीच राहते. त्या काळात विकी `रीड-ओन्ली` करून चालू ठेवा आणि ४०४ ची (न सापडलेल्या पानांची) नोंद रोज चाळा. तक्त्यात सुटलेली पुनर्निर्देशनं तिथेच दिसतील. नोंद शांत झाली की ३०१.