शिआन एका दिवसात उरकू नका
चीनमधल्या शिआनसाठी कुणीतरी ‘सकाळी टेराकोटा सैनिक (सम्राटाच्या कबरीजवळ पुरलेली भाजक्या मातीची फौज), संध्याकाळच्या बुलेट ट्रेनने बीजिंग’ असा बेत सुचवलाय, तो काही पटला नाही. सैनिक शहरात नाहीतच, पूर्वेला चाळीसेक किलोमीटरवर आहेत. जाण्यायेण्यातच अर्धा दिवस खलास. आणि जुन्या शहराची तटबंदी कधी बघणार? जवळपास 14 किलोमीटरचा घेर, वर भाड्याने सायकल मिळते. उन्हं कलल्यावर चढा. खडबडीत विटांवरून हाडं खिळखिळी होतात, पण मजा येते. (आपल्या पुलकेशीच्या राज्यात येऊन गेलेल्या ह्युएन त्संगाने नेलेल्या पोथ्यांसाठी बांधलेला पॅगोडाही इथलाच.)

इथे शाकाहाऱ्यांची उपासमार होते असं कुणी म्हणत असेल, तर ल्यांगपी मागा. पिठाच्या गार, रुंद पट्ट्या, काकडी, व्हिनेगर आणि वर मिरचीचं लालभडक तेल, तर्रीच म्हणा ना. मटण चालत असेल तर मुस्लिम मोहल्ल्यात पाओमो. आधी वाडगा आणि कडक रोटी हातात देतात. ती आपणच बारीक कुस्करायची, मग ते रश्श्यात शिजवून आणतात. माझे तुकडे बघून वेटरने मान हलवली आणि वाडगा परत माझ्यापुढे सरकवला. वीस मिनिटं कुस्करत होतो.